शून्याच्या खालची पायरी

तांबरम, १६ डिसेंबर २०२४

मामा,

नमस्कार करतो. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्रातून करतो.

सप्टेंबरपासून दर रविवारी सकाळी तुम्हाला फोन लावतो. तो पूर्ण वाजतो आणि थांबतो. तंजावरला तुमच्या शेजारी विचारलं तर म्हणाले, गणिताचे सार बरे आहेत, संध्याकाळी मोठ्या देवळापर्यंत चालत जातात. म्हणजे फोनही ऐकू येत असणार. ठीक आहे, नका उचलू. मी भांडायला फोन करत नव्हतो. कशाला करत होतो हेही नीट सांगता येणार नाही.

रम्या म्हणायची, आमच्या घरात देवनागरी वाचणारे एकटे अप्पाच, म्हणजे तुम्ही. ती स्वतः मराठी बोलायची, पण लिहायची तमिळ अक्षरांत. त्यामुळे बायकोनं लिहिलेली किराणा सामानाची चिठ्ठी मला कधी वाचता आली नाही. तुम्हाला मात्र माझं पत्र वाचता येईल.

आज मार्गळी महिना लागला. पहाटे देवळातली गाणी सुरू होतात. मी अर्धा जागा असतो, अर्धा नसतो. या वर्षी आपल्या दारात पिठाचं कोलम नाही. समोरच्या बाई त्यांच्या दारात काढतात, आणि एक रेघ लांबवत आपल्या उंबऱ्याच्या अलीकडे आणून सोडतात. उंबऱ्याला लावत नाहीत. ती रेघ ओलांडून मी ऑफिसच्या बसला जातो.

तेराव्याच्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "तू सही केलीस म्हणून तिला लाकूड मिळालें." मग पिशवी उचललीत आणि निघालात. मी रिक्षा बघायला खाली आलो तोवर तुम्ही कोपऱ्यावर पोचला होतात.

ते वाक्य मी रोज उलटसुलट करून बघतो. मार्चमध्ये तिला स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली. एप्रिलमध्ये हॉस्पिटलनं विचारलं की आमच्या अभ्यासात भाग घ्याल का. तिचा उजवा हात चालत नव्हता, ती मानेनं हो म्हणाली आणि सही मी केली. हे खरं. लाकूड मिळालं हेही खरं. व्यायामाला जी पेटी द्यायचे, तिच्या एका बाजूला आरसा होता आणि दुसऱ्या बाजूला नुसती फळी. आजारी हात पेटीच्या आत ठेवायचा, चांगला हात बाहेर हलवायचा. आरसा असेल तर बघणाऱ्याला वाटतं, आजारी हातच हलतोय. मेंदूही फसतो, आणि फसता फसता शिकतो, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा की खोटा हे बघायला निम्म्या लोकांना आरसा द्यायचा आणि निम्म्यांना फळी. कुणाला काय, ते कम्प्यूटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा. रम्याला फळी आली.

तुमच्या वाक्यातलं "म्हणून" मात्र मला ठरवता येत नाही.

सिद्धार्थ

*

तांबरम, १२ जानेवारी २०२५

मामा,

उत्तराची वाट बघून हे लिहीत नाही. एक गोष्ट घडली, ती तुम्हाला माझ्याकडूनच कळावी असं वाटलं.

डॉ. विजयालक्ष्मींचा फोन आला होता. त्यांच्या अभ्यासातल्या शेवटच्या रुग्णाचे सहा महिने आता संपतायत. आकडे सगळे जमा झालेत, पण त्यांचा हिशेब करणारा माणूस परदेशी गेला. त्यांनी मला विचारलं. माझं काम तेच आहे, तुम्हाला माहीत आहे. सिरुसेरीत बसून मी परदेशातल्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासतो. माझ्यासमोर माणसं ओळींसारखी येतात. एक ओळ, एक माणूस. त्यातल्या एकालाही मी बघितलेलं नसतं.

मी म्हणालो, "मॅडम, माझी बायको आहे त्या आकड्यांत."

त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. म्हणून तर फोन करायला दोन आठवडे लावले."

त्यांनी हॉस्पिटलच्या नैतिकता समितीला सगळं आधीच लिहून कळवलं होतं. समितीनं ठरवून दिलं की मी फक्त लेखी सल्ला द्यायचा, तोही कोण कुठल्या गटात होतं ते उघड होण्याआधी. प्रत्यक्ष हिशेब दुसऱ्या कुणी करायचा. माझ्या शेजारी निधी बसते, नागपूरची, तिनं तो करायचं कबूल केलं.

आता हे तुम्हाला का सांगतो. तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत, तेव्हा तुम्हाला वाटत असेल की आकडे ठरलेले असले की उत्तरही ठरलेलंच. तसं नसतं, मामा. कोणत्या रीतीनं मोजायचं ते आधी ठरवावं लागतं. एका रीतीनं आरसा उपयोगी ठरेल, दुसरीनं नाही ठरणार, असंही होऊ शकतं. आरसा उपयोगी ठरला तर तुमचं तेराव्याच्या दिवशीचं वाक्य खरं होईल. नाही ठरला, तर मी सुटेन. आणि रीत मी लिहून द्यायची आहे.

हे मी निधीला बोललो. ती म्हणाली, "सर, मग नाही म्हणा ना."

"मग कोण लिहील?"

"मी लिहीन. पुस्तकं आहेत की."

"गेलेल्या लोकांचं काय करायचं ते पुस्तकात सापडेल तुला?"

 तिनं तिच्या डब्यातला अर्धा पराठा माझ्या झाकणात ठेवला आणि स्क्रीनकडे वळली. मी त्या संध्याकाळी डॉक्टरांना हो कळवलं.

परवा पोंगल. तुमच्याकडे या वर्षी नसेलच.

सिद्धार्थ

*

तांबरम, २ फेब्रुवारी २०२५

मामा,

बसमध्ये झोप लागते. वंडलूर गेलं की डोळे मिटतात आणि केळंबाक्कमच्या आसपास उघडतात. तिथं रस्त्याकडेला पाणी आहे, सकाळी त्यावर धुकं असतं, पांढरे पक्षी उभे असतात की मीठ पडलंय ते कळत नाही. या दोन गावांच्या मधे मला रम्या दिसते. रोज निराळी.

याला कारण माझं काम आहे, ते सांगतो.

काही रुग्ण सहा महिन्यांनी तपासणीला आलेच नाहीत. कुणी गावी गेलं, कुणाचा नंबर बदलला. ते कुठेतरी आहेत, फक्त आपल्याला त्यांचे गुण माहीत नाहीत. अशांसाठी एक चांगली रीत आहे. त्यांच्यासारख्या इतरांवरून संगणकाला अंदाज करायला सांगायचा, पण एकच अंदाज नाही, पुष्कळ, प्रत्येक अंदाजाची वेगळी प्रत. एका प्रतीत तो माणूस काठीनं चालतो, दुसऱ्या प्रतीत अंथरुणावर आहे, तिसऱ्या प्रतीत जिना चढतो. सगळ्या प्रती शेवटी एकत्र विचारात घ्यायच्या. न दिसणाऱ्या माणसाबद्दल आपण किती अनिश्चित आहोत, ते त्यातून प्रामाणिकपणे दिसतं.

तर बसमध्ये रम्याच्या प्रती येतात. एकीत ती पल्लावरमच्या भाजीबाजारात आहे आणि उजव्या हातानं शेवग्याच्या शेंगा निवडतेय. एकीत ती पुढच्या सीटवर बसलीय, मागे वळत नाही, पण वेणी तिचीच आहे. एकीत ती पाण्यावरच्या धुक्यातून चालत येते, पाय थोडा ओढत, आणि खिडकीशी येऊन विचारते, "उतरायचें नाही की?" मग मी जागा होतो आणि खरंच सिरुसेरी आलेलं असतं.

पण ही रीत गेलेल्या माणसांना लावता येत नाही. मी ते पहिल्याच पानावर लिहिलं. बेपत्ता असलेल्यासाठी आकडा कल्पायचा, मेलेल्यासाठी नाही. त्याचा आकडा हरवलेला नसतो. तो कुठेच नसतो.

मग त्यांचं काय? स्ट्रोकनंतर माणूस किती सावरला हे मोजायची शंभर गुणांची पट्टी असते. जेवण, आंघोळ, कपडे, जिना, असं एकेक. तुम्हाला आठवत असेल, हॉस्पिटलातली व्यायाम घेणारी रेवा ते विचारायला यायची. तुम्ही तिला म्हणाला होतात, ही तोंडी परीक्षा आहे की? रम्या ऑगस्टमध्ये गेली, दुसऱ्या स्ट्रोकनं, सहा महिन्यांची तपासणी व्हायच्या आत. तिच्या ओळीत तीन महिन्यांचे गुण आहेत आणि त्यापुढे रिकामं घर. त्या घरात काय लिहायचं याच्या तीन रीती लोक वापरतात.

पहिली म्हणजे गेलेल्यांना वगळायचं. जे उरले त्यांचाच हिशेब. सोपी आहे, पुष्कळ लोक तेच करतात. मग रम्या या अभ्यासात नव्हतीच.

दुसरी रीत, शेवटचे गुण पुढे ओढायचे. जुलैत जे होतं तेच ऑक्टोबरात होतं असं धरायचं. मामा, ही रीत शास्त्राच्या दृष्टीनं अगदी वाईट आहे, मी स्वतः दुसऱ्यांच्या कामात ती कितीदा खोडली आहे. पण या वेळी मी बराच वेळ तिच्यापाशी थांबलो. कारण त्या रीतीत जुलै संपत नाही. खिडकीपाशी तिची खुर्ची आहे, तुम्ही स्टुलावर, दहीभाताचं ताट तुमच्या मांडीवर, आणि तुम्ही भरवताय. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

तिसरी पुढच्या पत्रात लिहितो. उशीर झाला म्हणून नव्हे, अजून लिहवत नाही.

सिद्धार्थ

*

तांबरम, २३ फेब्रुवारी २०२५

मामा,

सल्ला लिहून दिला.

आधी एक हिशेबाची बाब, ती तुम्हाला पटेल. सगळे लोक दोन्ही गटांच्या सरासऱ्या काढून त्यांची तुलना करतात. मी ते नको म्हणालो. हे गुण तुमच्या शाळेतल्या गुणांसारखे नाहीत. दहापासून वीसपर्यंत यायला माणसाला काय लागतं आणि ऐंशीपासून नव्वदपर्यंत यायला काय लागतं, यांचा काही मेळ नाही. त्या पायऱ्या आहेत, पण सारख्या उंचीच्या नाहीत. शिवाय बरेच जण अगदी वर जाऊन अडकतात आणि काही अगदी तळाशी. अशा आकड्यांची सरासरी कुणाही माणसाच्या जवळ जात नाही. काही लोक मधे एक रेघ मारतात, वरचे पास, खालचे नापास. मग खालचा माणूस अंथरुणातून उठून खुर्चीत बसला तरी तो नापासच. तेही नको.

मी लिहिलं की फक्त वर कोण आणि खाली कोण एवढंच बघा. आरशाच्या गटातला एक माणूस घ्या, फळीच्या गटातला एक घ्या, दोघांना शेजारी उभं करा. कोण वरच्या पायरीवर? मग दुसरी जोडी. अशा होतील तेवढ्या सगळ्या जोड्या. आरसा निरुपयोगी असेल तर निम्म्या जोड्यांत हा वर, निम्म्यांत तो.

आणि गेलेले? त्यांना वगळायचं नाही, जुलैत अडकवूनही ठेवायचं नाही. त्यांच्यासाठी शून्याच्या खाली आणखी एक पायरी करायची आणि त्यांना तिथे ठेवायचं. उपचार कुणासाठी होते, तर सगळ्यांसाठी होते. जे गेले त्यांच्यासाठीही. म्हणून ते मोजणीत हवेत, आणि मरण हे सगळ्यात वाईट, म्हणून सगळ्यात खाली.

मला गट माहीत नव्हते, पण एका ओळीचा माहीत होता. ती फळीच्या गटात होती आणि ती गेली. म्हणजे या रीतीत ती प्रत्येक जोडीत हरणार. आरशाच्या गटातलं गेलेलं कुणी समोर आलं, तरच बरोबरी. तिच्या प्रत्येक हरण्यानं आरसा थोडा अधिक उपयोगी दिसणार, आणि तुमचं वाक्य थोडं अधिक खरं होणार. हे मी मसुद्याच्या खाली स्पष्ट लिहिलं, सल्लागाराचं हितसंबंध प्रकटन म्हणून. मग रीत तशीच ठेवली, कारण बरोबर तीच आहे.

निधीनं वाचून विचारलं, "सर, नक्की?"

"त्यात चूक दाखव."

"चूक नाही. म्हणूनच विचारतेय."

सल्ला दिल्यापासून बसमध्ये प्रती येत नाहीत. आता एक लांब सभागृह येतं, व्यायामाचं, भिंतभर आरसे असलेलं. रम्या एकेका माणसाच्या शेजारी जाऊन उभी राहते. कुणी धोतरातले, कुणी नाइटीवर टॉवेल घेतलेली, कुणी कॉलेजचा मुलगा. ती प्रत्येकाकडे बघून हसते आणि पुढे सरकते. घाई नाही. तिला हरण्याचं काही वाटत नाही असं दिसतं.

काल हॉस्पिटलात रेवा भेटली. ती इचलकरंजीची, तुम्ही तिच्याशी मराठी बोलायला जायचात आणि ती हसू दाबायची, ती. तुमच्या गोष्टी काढल्या. तुम्ही तिला रोज म्हणायचात, ती पेट्टी जरा उलटी कर की. ती म्हणायची, आजोबा, हे कम्प्यूटरनं ठरवलंय. तुम्ही म्हणायचात, "कम्प्यूटराला मुलगी आहे की?"

तिनं आणखी एक सांगितलं. ते सध्या राहू दे.

सिद्धार्थ

*

तांबरम, २० एप्रिल २०२५

मामा,

उत्तर आलं.

शंभर जोड्या घेतल्या तर छप्पन्नांत आरशाचा माणूस वर, चव्वेचाळिसांत फळीचा. बरोबरीच्या जोड्या दोघांत निम्म्या वाटून. पण आपण थोड्याच लोकांना बघितलं, म्हणून खरा आकडा एकोणपन्नासपासून त्रेसष्टपर्यंत कुठेही असू शकतो. पन्नास म्हणजे काहीच फरक नाही. तेही त्यात बसतं, जेमतेम. म्हणजे आरशाचा उपयोग होत असेल, कदाचित. खात्रीनं म्हणता येत नाही.

पडताळा म्हणून निधीनं गेलेल्यांना वगळूनही मोजलं. ते आधीच लिहून ठेवलेलं होतं. त्यात बावन्न आले. म्हणजे ती रीत मुख्य धरली असती तर मी आज तुम्हाला लिहू शकलो असतो की मामा, आरशात काही नव्हतं. तसं लिहीत नाही.

आणखी एक. छप्पन्न हा आकडा रम्याचा नाही. तो त्या सगळ्या लोकांचा मिळून आहे. रम्याला आरसा मिळाला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर या अभ्यासात नाही, आणि कुठल्याच रीतीनं ते निघणार नाही. मी पंधरा वर्षं हे काम करतोय. हे वाक्य मी दुसऱ्यांना सहज सांगायचो.

आता रेवानं सांगितलेलं लिहितो. दोन महिने ठेवलं. तुम्हाला त्रास होईल की बरं वाटेल ते मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

तीन महिन्यांच्या तपासणीत रम्याला जेवणाचे शून्य गुण आहेत. पट्टीचा नियम असा की माणूस काय करू शकतो ते लिहायचं नाही, रोज काय करतो ते लिहायचं. रेवानं विचारलं, स्वतः जेवते का? तुम्ही म्हणालात, मी भरवतों. रेवानं शून्य लिहिलं. पण तुम्ही औषधं आणायला खाली गेलात की रम्या जाड मुठीच्या चमच्यानं उजव्या हातानं जेवायची. सांडायची थोडं, पण जेवायची. जूनपासून. डाव्या हातानं खायचं नाही म्हणून ती आधी हटून बसली होती, तर तिनं उजवाच कामाला लावला. रेवानं तिला विचारलं, मग अप्पांना सांगत का नाहीस? ती म्हणाली,

"अप्पा इथें आलेत तें भरवायला. मी जेवलें तर ते तंजावरला परत जातील."

रेवानं नियमाप्रमाणे लिहिलं. तिची चूक नाही.

मला हे माहीत नव्हतं. मी त्या वेळी ऑफिसात असायचो.

सिद्धार्थ

*

तांबरम, १८ मे २०२५

मामा,

तुमचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो आणि तसाच बाहेर आलो. तुम्ही नमस्कार, चमत्कार काही न करता म्हणालात, "गुण किती कापले?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. जेवणाचे दहा.

"रिव्हॅल्यूएशन मागतों," तुम्ही म्हणालात. "पेपर परत तपासायचे. अडतीस वर्षें मी तपासले. शून्य नव्हतें तें."

मी तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला की गट उघडल्यावर एकही आकडा बदलता येत नाही. तसं केलं तर कुणीही आपल्या माणसाचे गुण वाढवेल. तुम्ही म्हणालात, सरि, ठीक आहे, आणि फोन ठेवलात. मला वाटलं, झालं, आता पुन्हा सप्टेंबर.

गुरुवारी संध्याकाळी रेवाचा फोन आला, "सर, आजोबा येऊन गेले." तुम्ही तंजावरहून येऊन सरळ हॉस्पिटलात गेलात, मला न कळवता. रेवा म्हणाली, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि शाळेतल्यासारखे दारात उभे राहून आत यायची परवानगी मागितलीत. डॉक्टरांना म्हणालात, मी राणोजी राव, रम्याचा बाप, माझ्यामुळें तिचे गुण गेले. डॉक्टरांनी तुम्हाला बसवलं. त्यांनी सांगितलं की सर, तीन महिन्यांचे गुण मुख्य हिशेबात नाहीतच, तिथे सहा महिन्यांचं बघितलंय. तुम्ही विचारलंत, तिथें तिला कोठें ठेवलें? त्यांनी सांगितलं. रेवा म्हणाली, तुम्ही एवढंच म्हणालात, "असूं दे. तें खरें आहे. पण हें जेवणाचें शून्य खोटें आहे, हें दुरुस्त करा."

मामा, तिचे गुण वाढले तर कुणाची बाजू वर जाते हे तुम्हाला कळलं नसेल असं मी मानत नाही. फळीची. तिच्या गटाचे गुण वाढले की आरसा कमी उपयोगी दिसणार, आणि माझ्यावरचा तुमचा आरोप कमकुवत होणार. अडतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे एका क्षणात दिसलं असेल. तरी तुम्ही गुण मागितलेत.

रेवाकडून तुमची दुसऱ्या दिवशी सकाळची परतीची गाडी कळली. ती तांबरमला दोन मिनिटं थांबते. मी बस सोडली आणि फलाटावर उभा राहिलो. कोणता डबा ते माहीत नव्हतं, म्हणून गाडी आल्यावर खिडक्या बघत चालत गेलो. सकाळच्या उन्हात प्रत्येक काचेत आधी मीच दिसत होतो, मग आतलं कुणीतरी. तुम्ही सापडलात तेव्हा एक मिनिट गेलं असेल.

तुम्ही म्हणालात, "ऑफिस नाही की?"

"बस गेली."

"मग काय करणें?"

"पुढची येते."

हे एवढं बोलण्यात वेळ गेला. गाडी हलली आणि मी बरोबर चालायला लागलो, तेव्हा तुम्ही जावयाची हाक मारून ते म्हणालात. "माप्पिळ्ळै, सही तूं केलीस. पेन माझें होतें. तुझें चाललें नाहीं, मी खिशांतून काढून दिलें."

मी खूप आठवून बघतोय. ते पेन मला आठवत नाही. टेबल आठवतं, कागदावरचा शिक्का आठवतो, ती मान हलवते ते आठवतं. पण तुम्ही म्हणता तर असेल.  मला एवढंच म्हणता येतं की तिला बरं वाटावं म्हणून आपण दोघं तिथे होतो.

सिद्धार्थ

*

तांबरम, २९ जून २०२५

मामा,

काल तुम्ही फोनवर विचारलंत की हॉस्पिटलनं शेवटी काय केलं. फोनवर मी थोडक्यात बोललो, आता नीट लिहितो.

गुण बदलले नाहीत. ते बदलणार नव्हते. पण तुम्ही येऊन गेल्यावर डॉ. विजयालक्ष्मी स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी रेवाला सांगितलं की ज्यांना ज्यांना जेवणात शून्य आहे, त्या सगळ्या घरी फोन कर आणि एवढंच विचार की त्या वेळी स्वतः जेवता येत होतं का. आठ दिवस ती फोन करत होती. मधल्या वेळात मलाही सांगायची. आवडी भागातल्या एका बाई म्हणाल्या, येत होतं हो त्यांना, पण घरातल्या पुरुषानं सांडत जेवायचं म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून मीच भरवायचे. एका मुलानं सांगितलं, अम्मा ऐकत नव्हती. एका म्हाताऱ्यानं स्वतःच फोन घेतला आणि रेवाला दटावलं, माझी बायको मला भरवते, तुला काय अडचण आहे?

निधीनं ते सगळं वेगळं मांडून बघितलं. मुख्य उत्तर छप्पन्नच राहिलं. पण लेखाच्या शेवटी, जिथे आपल्या अभ्यासाच्या मर्यादा सांगायच्या असतात, तिथे डॉक्टरांनी एक वाक्य घातलं. लेख इंग्रजीत आहे, तुमच्यासाठी मराठीत करतो. "काही रुग्णांना स्वतः जेवता येत असूनही घरची माणसे त्यांना भरवत होती, त्यामुळे जेवणाचे गुण प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा कमी नोंदले गेले असण्याची शक्यता आहे." नावं नाहीत, नसतातच. तुमचं रिव्हॅल्यूएशन एवढंच झालं.

वर्षश्राद्धाला दोन दिवस आधी यायला सांगितलंत, तसा येतो. रजा टाकली आहे.

आणि लेखातल्या त्या वाक्यानंतर आणखी एक अर्धं वाक्य आहे, तेही सांगतो. मी ते बऱ्याच वेळा वाचलं. निधीनं भरवणाऱ्यांची गटवार मोजणी केली तेव्हा मला वाटलं होतं, फळीच्या बाजूला जास्त निघतील. आरसा ज्यांना मिळाला त्यांना कशाला कोण भरवेल? तसं निघालं नाही. "आणि हे प्रमाण दोन्ही गटांत सारखे होते."

तुमचा,
सिद्धार्थ